तीव्र आजार आणि थायरॉइडची तपासणी

न्यूमोनियाने, विषमज्वराने किंवा हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल झालेल्या मनुष्याच्या रक्ताच्या ज्या अनेक तपासण्या आजकाल एकाच वेळी केल्या जातात, त्यांत पुष्कळदा थायरॉइडचीही तपासणी असते. आणि हाती आलेल्या अहवालात त्या रकान्यातील एखादा आकडा मर्यादेच्या खाली उतरलेला दिसला, की उशाशी बसलेल्या नातेवाइकांच्या मूळच्या काळजीत आणखी एका काळजीची भर पडते. ‘यांना थायरॉइडही निघाला’ हे वाक्य मग घरात रूढ होऊन बसते, आणि ज्वर उतरून, छातीतील कफ निवळून, मनुष्य कामाधंद्याला लागला तरी रोज सकाळी घ्यावयाची एक गोळी मात्र त्याच्या मागे राहते. ज्या ग्रंथीत मुळात कोणताच बिघाड नव्हता तिच्यासाठी वर्षानुवर्षे औषध घेत आलेली अशी माणसे मी पाहिली आहेत, आणि हे टाळता येण्याजोगे आहे अशी माझी खात्री असल्यामुळेच आज हा विषय मी आपल्यापुढे मांडीत आहे.

या ग्रंथीच्या निरोगी अवस्थेतील व्यवहाराचा थोडा तपशील प्रथम सांगितला पाहिजे, कारण तो ठाऊक असल्यावाचून आजारातील घडामोड नीट ध्यानी येणार नाही. गळ्याच्या पुढील भागी, स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असलेली ही अवटु ग्रंथी वजनाने उणीपुरी १५ ते २० ग्रॅम. परंतु अन्नातून आलेले आयोडीन वेचून घेऊन ती जी हॉर्मोने रक्तात सोडते, त्यांवर हृदयाची गती, देहाची उष्णता, स्नायूंचे बळ, आतड्यांची हालचाल आणि बालकाच्या मेंदूची वाढ इतक्या गोष्टी अवलंबून असतात. यांतील पहिले हॉर्मोन एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये स्फटिकरूपाने वेगळे केले; तेच थायरॉक्सिन, ज्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि ज्याला वैद्यकीय व्यवहारात टी-४ म्हणतात. त्यानंतर जवळजवळ चार दशके, या ग्रंथीचे जे काही सामर्थ्य आहे ते एवढ्या एका द्रव्यातच साठवलेले आहे, अशी समजूत होती. १९५२ साली जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी लंडनमध्ये आयोडीनचे तीनच अणू असलेले दुसरे हॉर्मोन, म्हणजे टी-३, शोधून काढले, आणि एक अणू कमी असूनही ते थायरॉक्सिनपेक्षा कितीतरी प्रभावी असल्याचे आढळून आले. ग्रंथीतून बाहेर पडते ते तर बहुतांशी टी-४; मग हे टी-३ येते कोठून? याचा उलगडा १९७० साली ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग या अमेरिकन संशोधकांनी केला. ज्यांची ग्रंथी मुळीच काम करीत नव्हती अशा माणसांना त्यांनी केवळ टी-४ दिले, आणि तरीही त्यांच्या रक्तात टी-३ सापडले. म्हणजे हे रूपांतर ग्रंथीच्या बाहेर, देहाच्या इतर भागांत होत होते.

जुन्या सावकारी व्यवहारातील परिभाषेत सांगावयाचे तर टी-४ ही हुंडी आहे आणि टी-३ ही रोकड. ग्रंथी मुख्यतः हुंड्या लिहून देते. त्या यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकठिकाणच्या पेढ्यांवर वटवल्या जातात, आणि दररोज देहाला मिळणाऱ्या रोकडीपैकी सुमारे ८० टक्के रोकड अशा रीतीने ग्रंथीबाहेरच हाती येते. वटवण्याचे हे काम करणारी जी एंझाइमे आहेत त्यांना डीआयोडिनेज म्हणतात, आणि त्यांच्या घडणीत सिलिनियम हे मूलद्रव्य असते. त्यांच्यापैकी काही टी-४ च्या रेणूच्या बाहेरच्या कड्यातील आयोडीनचा अणू काढून घेतात, तेव्हा कार्यक्षम टी-३ तयार होते; पण आतल्या कड्यातील अणू काढला गेला, तर तयार होते ते उलट टी-३, ज्याचा देहाला कसलाही उपयोग नसतो. म्हणजे ती हुंडी रद्द झाली असे समजावे. निरोगी मनुष्यातही काही हुंड्या वटतात आणि काही रद्द होतात. त्या दोहोंचे प्रमाण काळवेळ पाहून बदलण्याची तजवीज देहाने प्रत्येक अवयवाच्या ठायी करून ठेवली आहे, आणि आजच्या विषयाचे सारे मर्म मला या एका तजविजीत दिसते.

आता मनुष्य तीव्र आजाराने पछाडला की काय होते ते पाहू. जंतुसंसर्ग असो, मोठी शस्त्रक्रिया असो, भाजणे असो की हृदयविकाराचा झटका असो, रोगाची जात कोणतीही असली तरी या बाबतीत देहाचे उत्तर बहुधा एकच असते, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. काही तासांतच रक्तातील टी-३ उतरू लागते आणि उलट टी-३ चढू लागते. आजार जितका गंभीर तितकी ही घसरण अधिक. दाह उत्पन्न करणारी इंटरल्यूकिन-६ यासारखी जी द्रव्ये प्रतिकारशक्तीच्या पेशी रक्तात सोडतात, त्यांचा यात हात आहे; उपासमारीचा आहे, आणि ताणामुळे वाढलेल्या कॉर्टिसोलचाही आहे. रक्तात टी-४ ला धरून ठेवणारी जी प्रथिने असतात, तीही आजारात घटतात. आणि टी-४ चा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग या प्रथिनांनाच बांधलेला असल्यामुळे त्याचा एकूण आकडा खाली येतो. आजार फारच बळावला तर टी-४ इतके कमी होते की, त्यावरून रोग्याच्या जीविताविषयी चिंता वाटावी. परंतु येथे कार्य आणि कारण यांची अदलाबदल होऊ देता कामा नये: तो आकडा आजाराची तीव्रता सांगतो, आजार उत्पन्न करीत नाही.

याहूनही लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. ग्रंथी स्वतःच निकामी होऊ लागली, तर मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी तात्काळ सावध होते आणि टीएसएच नावाचे हॉर्मोन अधिकाधिक प्रमाणात सोडून थायरॉइडला कामास जुंपते. म्हणूनच वाढलेले टीएसएच हा खऱ्या थायरॉइडन्यूनतेचा सर्वांत विश्वसनीय पुरावा मानला जातो. तीव्र आजारात मात्र टी-३ पुष्कळ उतरले तरी टीएसएच वाढत नाही. ते होते तेथेच राहते किंवा खाली येते. पोष ग्रंथीला ही घसरण कळतच नाही असे नव्हे. तिच्याही वर असलेल्या अधोथॅलॅमस या मेंदूच्या भागाकडून तिला मिळणारी चेतनाच मंदावलेली असते. फ्लिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम येथे मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी करून १९९७ साली दाखवून दिले की, ज्यांच्या रक्तात मृत्यूपूर्वी टी-३ फारच कमी होते, त्यांच्या मेंदूतील त्या भागात चेतना देणाऱ्या द्रव्याची निर्मितीही घटलेली होती. म्हणजे सर्वांत वरच्या पातळीपासून पेशीपर्यंत सारी यंत्रणा एकाच दिशेने आवरती घेतलेली असते, आणि जी गोष्ट इतक्या पातळ्यांवर इतक्या एकवाक्यतेने घडते, तिला निव्वळ बिघाड म्हणण्यास माझे मन तयार होत नाही.

हाच प्रकार उपवासातही घडतो, यावरून या विचाराला बळकटी येते. काहीही न खाता राहिलेल्या निरोगी मनुष्याचे टी-३ दोन-तीन दिवसांत जवळजवळ निम्म्यावर येते, आणि पुन्हा पिष्टमय अन्न पोटात गेले की ते पूर्वपदावर येऊ लागते. (आपल्याकडील एकादशीचा साबुदाण्या-भगरीचा फराळ हा या अर्थाने उपवास नव्हे, हे ओघाने सांगून ठेवतो.) अन्न मिळत नसताना स्नायूंची झीज थांबवावी, प्राणवायूचा आणि उष्णतेचा खर्च आखडावा, असाच यामागील हेतू असावा, आणि ज्वराच्या पहिल्या दिवसांत, जेव्हा मनुष्याची अन्नावरची वासना उडालेली असते, तेव्हाही देह हाच मार्ग धरतो. अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे कृत्रिम श्वासावर राहिलेल्या रोग्याची गोष्ट थोडी निराळी आहे. अशी दीर्घ शुश्रूषा निसर्गाच्या हिशेबात कधीच नव्हती, आणि तेथे ही काटकसर हितकर असते की अपायकारक, याविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

जे उतरले आहे ते औषधाने भरून काढावे, असा विचार मनात येणे साहजिक आहे, आणि तो करून पाहण्यात आलेला आहे. ब्रेंट आणि हर्शमन यांनी १९८६ साली, टी-४ अतिशय खालावलेल्या अत्यवस्थ रोग्यांपैकी काहींना ते शिरेतून दिले. रक्तातील टी-४ चा आकडा सुधारला, पण मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. हुंड्या वाढवून दिल्या तरी पेढ्यांनी त्या वटवण्याचेच बंद केले असेल, तर दुसरे काय होणार? हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर थेट टी-३ देऊन पाहिले, तेव्हा हृदयाचे कार्य काही तासांपुरते सुधारल्याचे १९९५ मध्ये दिसून आले, परंतु रोग्यांच्या अंतिम परिणामात फरक पडला नाही. आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मूत्रपिंडे अकस्मात निकामी झालेल्या रोग्यांपैकी ज्यांना थायरॉक्सिन दिले, त्यांच्यातच अधिक मृत्यू झाले. केवळ आकडा सुधारावा म्हणून औषध योजणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग ध्यानात ठेवावा, असे मला कळकळीने वाटते.

आजार उतरणीला लागल्यावर जे घडते त्याने तर अनुभवी माणसाचीही दिशाभूल होऊ शकते. आतापर्यंत मंद असलेली पोष ग्रंथी पुन्हा जागी होते आणि बरे होण्याच्या काळात टीएसएच काही दिवस मर्यादेच्या वर जाते. निरोगी मनुष्यात ते साधारणतः ०.४ ते ४ च्या दरम्यान असते. या काळात ते क्वचित २० पर्यंतही चढलेले आढळते. नेमक्या याच दिवसांत, रुग्णालयातून घरी जाण्याच्या सुमारास, एखाद्याची तपासणी झाली, तर तो अहवाल थायरॉइडन्यूनतेचा हुबेहूब आभास निर्माण करतो, आणि जन्मभराच्या गोळीची नोंद पुष्कळदा याच कागदावरून होते. यावर उपाय अगदी साधा आहे: आजार पूर्ण बरा झाल्यावर सहा आठवड्यांची मुदत जाऊ द्यावी आणि मग तपासणी पुन्हा करावी. बहुतेकांच्या बाबतीत त्या वेळी सारे आकडे कोणत्याही औषधावाचून आपापल्या जागी परतलेले असतात.

औषधेही या आकड्यांत हस्तक्षेप करतात. रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेले डोपामिन आणि स्टेरॉइडची औषधे टीएसएच दाबून टाकतात. हेपॅरिन टोचलेल्या रोग्याच्या रक्तात मुक्त टी-४ प्रत्यक्षाहून अधिक असल्याचे भासते. आणि हृदयाची अनियमित गती आवरणाऱ्या ॲमिओडॅरोन या औषधाच्या वजनापैकी सुमारे ३७ टक्के आयोडीनच असल्यामुळे ते कधी ग्रंथीला मंद करते, तर कधी अनावर. म्हणून अहवालाकडे पाहण्यापूर्वी रोग्याला चालू असलेल्या औषधांची यादी पाहिली पाहिजे. माझ्या मते तर थायरॉइडच्या विकाराचा सबळ संशय असल्याखेरीज ऐन आजारात ही तपासणी करूच नये; तिच्यातून मिळणाऱ्या माहितीपेक्षा उत्पन्न होणारा गोंधळच अधिक असतो.

परंतु सबळ संशय असला, तर तपासणी तहकूब ठेवणे धोक्याचे. वर्षानुवर्षे न ओळखलेली थायरॉइडन्यूनता एखाद्या जंतुसंसर्गाच्या निमित्ताने उफाळून मनुष्याला बेशुद्धावस्थेत नेऊ शकते, आणि तेथे उपचारास लागलेला विलंब प्राणावर बेततो. अशा वेळी रोग्याची कैफियत आणि त्याचा देह यांच्याकडेच आधी पाहावे लागते: गळ्यावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे काय, गलगंड आहे काय, ज्वर यावा अशा आजारात देह थंड आणि नाडी मंद आहे काय, घरातील कपाटात विसरलेल्या गोळ्यांची बाटली सापडते काय. टीएसएच २० च्या वर आणि त्याबरोबर मुक्त टी-४ कमी असेल, तर तो खरा विकार समजण्यास हरकत नाही. मात्र उपचारास आरंभ करताना अधिवृक्क ग्रंथींचे बळ शाबूत आहे याची खात्री होईपर्यंत स्टेरॉइड आधी द्यावे लागते, नाही तर थायरॉक्सिननेच नवे संकट ओढवू शकते. याच्या उलट, टीएसएच थोडेसे उतरलेले असेल तर तो आजाराचा परिणाम असण्याचा संभव अधिक. मापनात येऊ नये इतके ते नाहीसे झालेले असेल, तर ग्रंथीच्या अतिकार्याचा विचार केला पाहिजे.

शेवटी ज्या श्रोत्यांना थायरॉइडचा विकार खरोखरच आहे आणि ज्यांची गोळी पूर्वीपासून चालू आहे, त्यांच्यासाठी काही सांगावयाचे आहे. मी आतापर्यंत जे बोललो ते त्यांना लागू नाही. आजारपणातही त्यांनी गोळी बंद करू नये, आणि रुग्णालयात दाखल होताना आपण ती घेतो हे मात्रेसह तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण छातीत दुखत असलेल्या किंवा पाय मोडलेल्या मनुष्याला गळ्यातील ग्रंथीविषयी कोणी आपण होऊन विचारीलच असे नाही. टी-४ चे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे सात दिवस लागतात, तेव्हा शस्त्रक्रियेमुळे दोन-चार दिवस गोळी चुकली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्या शोषणात अडथळा आणतात, नाकातील नळीवाटे सतत दिले जाणारे अन्नही आणते. म्हणून त्यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे लागते. आणि तोंडाने काहीच घेता येत नाही अशी अवस्था आठवडाभर टिकली, तर हेच औषध शिरेतून देण्याची सोय आहे, मात्र तेव्हा त्याची मात्रा गोळीच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतकीच ठेवतात.