जुन्या संगणकाला नवा मेंदू?

माझ्याकडचा संगणक 2016 सालचा. माझ्या दोन कवितासंग्रहांचा मजकूर मी त्याच्यावरच टाइप केला. मुलीचे नोकरीचे अर्जही त्याच्यावरूनच गेले. 2024 च्या पावसाळ्यात मात्र तो फारच मंदावला. बटण दाबून मी चहा ठेवायचो. चहा पिऊन व्हायचा, तरी पडदा रिकामाच.

दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथला तरुण म्हणाला, "चाचा, प्रोसेसर जुना झालाय. आय-सेव्हन टाकू, पळायला लागेल." खर्च नऊ हजार, आणि प्रोसेसर वापरलेला. त्या दिवसांत तिसऱ्या संग्रहाच्या छपाईसाठी मी पैसे साठवत होतो. कवीचा संग्रह बऱ्याचदा कवीच्याच खिशातून निघतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. "उद्या सांगतो," म्हणून संगणक घेऊन घरी आलो.

संध्याकाळी भाचा आला. म्हणाला, "मामू, काम अडतंय कुठं ते तर आधी बघू." कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून त्यानं टास्क मॅनेजर उघडला आणि मला रोजचं काम करायला सांगितलं. मी कवितांची फाइल उघडली, इंटरनेट सुरू केलं. आकडे हलू लागले. प्रोसेसर वीस-पंचवीस टक्के, मेमरी नव्वदच्या पुढं आणि डिस्क शंभर टक्के!

मला अब्बांचं शिलाईचं दुकान आठवलं. ईदच्या आधी कापड बेतणारा मागं पडला, की मशीनवरचे कारागीर हात बांधून बसायचे. अशा वेळी आणखी एक मशीन आणून काय उपयोग? माझ्या संगणकात नेमकं तेच चाललं होतं. रॅम फक्त 4 जीबी. ती भरली की उरलेला पसारा हार्ड डिस्कवर जातो. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी; तिच्यावर माहिती शोधायला वेळ लागतो. तोवर प्रोसेसर बिचारा वाट पाहत बसतो.

प्रोसेसर बदलायचाच, तर मदरबोर्ड कोणता घेतो हेही पाहावं लागतं. माझा प्रोसेसर सहाव्या पिढीचा, आय-थ्री 6100, दोन कोअरचा. त्याच्या बोर्डावर फार तर सातव्या पिढीचा, चार कोअरचा आय-सेव्हन 7700 बसला असता. तोही बोर्डाचं बायोस अद्ययावत करून. आठव्या पिढीला सॉकेट दिसायला तोच, पण बोर्ड नवा लागतो. आणि विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टनं दिलेल्या यादीत इंटेलचे नेहमीचे डेस्कटॉप प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. म्हणजे नऊ हजार घालूनही मी दाराबाहेरच राहिलो असतो.

आम्ही सगळ्या कविता आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मग एक छोटी एसएसडी आणि 8 जीबी रॅम घेतली. दोन्हींचे मिळून तेव्हा बत्तीसशे रुपये लागले. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. आता चहाचं पाणी तापायच्या आत संगणक सुरू होतो. शिवाय उद्या दुसरा संगणक घेतला, तर एसएसडी त्यात बसवता येईल.

प्रोसेसर बदलूच नये, असं मी म्हणत नाही. व्हिडिओ संपादन करताना ज्याचा प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर असतो आणि बोर्ड त्याहून मोठा प्रोसेसर घेतो, त्यानं जरूर विचार करावा. फक्त वापरलेला प्रोसेसर, मजुरी आणि गरज पडल्यास नवा पंखा, ही सगळी बेरीज नव्या संगणकाच्या किमतीशेजारी लिहून पाहावी.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा भाच्यानं या संगणकावर लिनक्स मिंट घालून दिलं. ते फुकट मिळतं, आणि त्यात मराठी युनिकोड व्यवस्थित उमटतं. तिसऱ्या संग्रहाची मुद्रितं मी त्याच्यावरच तपासली. मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. यंत्रातलं मला फार कळत नाही. पण दुकानदाराला "किती?" विचारण्याआधी घरी तीन बटणं दाबून तीन आकडे पाहायचे, एवढं मात्र मी शिकलो.