पहारा कोणाचा, पगार कोणाचा?



लढाई संपली की हत्यार चालवणाऱ्या हातांचं करायचं काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. २ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला आणि त्याच महिन्यात, २३ तारखेला, केळणा आणि जुई नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. डिसेंबरअखेर तहही झाले. कुठला मुलूख कोणाकडे, हे त्यांत ठरलं. पोटासाठी लढणाऱ्या शिपायानं उद्या काय खायचं, हे ठरवायचं राहून गेलं.

निजामाच्या राज्यात असेच लढणारे हात, अरब आणि रोहिले, सावकाराच्या दारात, देशमुखाच्या गढीवर, वसुलीच्या कामावर पहाऱ्याला असत. दरबाराचा खजिना रिता, शिबंदीचे पगार थकलेले. मग अरब जमादारांनीच दरबाराला कर्ज दिलं आणि तारण म्हणून तालुके ताब्यात घेतले. म्हणजे राखणदारच सावकार झाला! १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले, तेव्हा हा गहाण मुलूख सोडवणं हे त्यांच्यापुढचं एक मोठं काम होतं.

अफगाणिस्तानात वेगळं काय घडलं? शिंदांडच्या हवाईतळावर पहाऱ्याचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीनं तिथल्या बलदंड सरदारांमार्फत माणसं भरली. ते सरदार एकमेकांच्या जिवावर उठले. अमेरिकी सिनेटच्या समितीनं २०१० मध्ये हे सगळं अहवालात मांडलं, आणि त्याच वर्षी हमीद करझाईंनी खासगी पहारा कंपन्या मोडीत काढायचा हुकूम सोडला. यावरून ‘स्थानिक माणूस ठेवूच नये’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. माणूस गावचा होता म्हणून बिघडलं नाही. त्याचा पगार सरदाराच्या मुठीतून येत होता, तो मान त्यालाच देणार.

आपला जागल्या, म्हणजे गावाचा राखणदार, गावचाच होता. चोरी झाली की पहाटे तो पावलांचा माग काढत निघे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की तिथल्या जागल्याला बोलावून दाखवायचा. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच शिवारात हरवला, तर भरपाई अंगावर येई. पण त्याला धान्य मिळे ते साऱ्या गावाकडून, एकट्या पाटलाकडून नव्हे.

आज एमआयडीसीतल्या स्टील कारखान्याच्या गेटवर पहाटे भंगाराचा ट्रक येतो. रक्षकानं नंबर लिहायचा, वजनकाट्याची पावती ताडायची, गेटपास द्यायचा. ड्रायव्हर कदाचित त्याच्या मावशीच्या गावचा. ओळखीमुळे कुठला ट्रक खोटा हे त्याला बरोबर कळतं, आणि ओळखीमुळेच तोंड उघडणं अवघड होतं. बारा तासांची पाळी, हातात येणाऱ्या पगारातून आधीच कुणीतरी कापून घेतलेला वाटा. अशा माणसानं कुणाशी इमान राखावं, अशी आपली अपेक्षा आहे?

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आला, त्याखालच्या नमुना नियमांत १६० तासांचं प्रशिक्षण आलं. चांगलंच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८१ मध्ये, महाराष्ट्रानं सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. मालकानं पैसे सुरक्षा रक्षक मंडळाकडे भरायचे आणि मंडळानं नोंदीत रक्षकाला द्यायचे, ही त्यातली खरी शहाणी तरतूद. (समोरच्या रांगेतले काही एजन्सीचालक हसताहेत, सूट मिळवायची वाट कायद्यातच आहे, हे मलाही ठाऊक आहे.)

दुपारच्या सत्रात वेतनाचा ठराव येणार आहे. रक्षकाचा पगार थेट त्याच्या खात्यात जमा व्हावा आणि कापलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मराठीत छापलेल्या पगारपत्रकावर असावा, एवढी दोन वाक्यं त्यात घाला. आणि वजनकाट्यावरची पाळी आठ तासांचीच ठेवा, हेही त्यातच लिहा. सूचक म्हणून माझं नाव घालायला हरकत नाही.