हृदयस्नायूंचा दाह : निदान आणि उपचार





सप्टेंबर १९९४ मधील प्लेगने सुरतचे नाव जगभर गेले. परंतु दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात उद्भवणारा लेप्टोस्पायरोसिस अधिक चिवट आहे. उंदरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यातून, पायांच्या जखमांवाटे शरीरात शिरतात. भातलावणी करणारा शेतमजूर त्याला प्रथम बळी पडतो. या रोगात कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. हृदयाच्या स्नायूंनाही दाह होतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. विषाणू, घटसर्प आणि डेंग्यू हीदेखील या दाहाची कारणे आहेत.

निदानातील खरी अडचण अशी की, लक्षणे फसवी असतात. ताप, अंगदुखी आणि थकवा कोणत्याही तापात असतातच. परंतु तापाच्या मानाने नाडी फार जलद वा अनियमित असेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा भोवळ येत असेल, तर हृदयाचा संशय घेतलाच पाहिजे. हृदयालेख काढावा, रक्तातील ट्रोपोनिन तपासावे आणि इकोकार्डिओग्राफी करावी. कधी चित्र हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखे दिसते. तेव्हा अँजिओग्राफीने रोहिण्या निर्दोष असल्याची खात्री करावी लागते. एमआरआयमुळे स्नायूंची सूज प्रत्यक्ष दिसते. स्नायूचा तुकडा काढून तपासणे हा निर्णायक पुरावा असला, तरी ती तपासणी निवडक रुग्णांतच करतात.

उपचार मूळ कारणानुसार ठरतात. लेप्टोस्पायरोसिसवर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिआक्सोन देतात. विषाणुजन्य दाहात बहुधा आधार देणे एवढेच हाती असते : विश्रांती, प्राणवायू, हृदयाचा भार हलका करणारी औषधे, आणि ठोके मंदावल्यास तात्पुरता पेसमेकर. स्टिरॉइड सर्वांनाच उपयोगी पडत नाहीत.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अशक्तपणा आला की 'बाटली चढवा' असा हट्ट आपण धरतो. दुबळ्या झालेल्या हृदयाला तो अतिरिक्त द्रव पेलत नाही; फुप्फुसांत पाणी साचते आणि वाचू शकणारा रुग्ण दगावतो. सलाइन किती द्यावे, हे तपासणीनेच ठरले पाहिजे.

बरे झाल्यावरही तीन ते सहा महिने खेळ व जड श्रम वर्ज्य करावेत. हातावर पोट असलेल्या मजुराला हे कसे परवडावे? त्याची विश्रांती हाही औषधोपचाराचाच भाग आहे, असे समाजाने मानले तरच ते शक्य होईल.