लक्ष्मीचे नाव सातबाऱ्यावर

(चाकण परिसरातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतकरी कुटुंबातील जिव्हाळ्याविषयी बोलायला अर्थशास्त्राचा माणूस कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. परंतु शेतीचे अर्थशास्त्र या जिव्हाळ्यापासूनच सुरू होते. मालाला उठाव नसला की कारखानदार माणसे कमी करतो. कांद्याचा भाव पडला म्हणून शेतकऱ्याच्या घरातून कोणी कमी होत नाही. सगळेच थोडे अधिक राबतात आणि थोडे कमी खातात. चायानोव्ह या रशियन अभ्यासकाने शेतकरी कुटुंबाचे हे वैशिष्ट्य 1925 सालीच मांडले होते. आपण त्याला चिवटपणा म्हणतो आणि त्याचे गोडवे गातो. मला विचारायचे आहे ते एवढेच, की या चिवटपणाचा खर्च कोण सोसते आणि त्याची मिळकत कोणाच्या नावावर चढते.

मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि भोसरीपासून चाकणपर्यंतची यंत्रे थांबली. ठेक्यावरील कामगार मराठवाड्याकडे, विदर्भाकडे, उत्तरेकडे निघाले. कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्या घरांनी त्यांना सामावून घेतले. यंत्रे सुरू झाल्यावर ते परत आले. मधल्या काळात या कामगारांचा सांभाळ कोणी केला? एरवीसुद्धा ठेकेदाराच्या तुटपुंज्या मजुरीत येथील खोलीचे भाडे भागते ते गावाहून ज्वारीचे पोते येते म्हणून, आणि मूल आजीजवळ वाढते म्हणून. मायेने केलेल्या या श्रमावर उद्योगाची स्वस्त मजुरी उभी आहे. त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या हिशेबात नाही.

आता येथल्या भूमिपुत्रांच्या घरात या. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1972 मध्ये पिंपरी-चिंचवडला नवनगर प्राधिकरण आले आणि पुढे चाकणची शिवारे संपादनाखाली गेली. मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. खुरपणी, कांदे लावणे, काढणी, निवड, गुरांचे शेण-पाणी ही कामे ज्या बाईने तीस वर्षे केली, तिचे नाव त्या कागदावर क्वचितच असते. सरकार शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या श्रमाची मजुरी हिशेबात धरते. जमिनीची किंमत चुकती करताना मात्र त्या श्रमाचा विसर पडतो.

आणि बहीण? संपादनाची नोटीस आली की तिची आठवण होते. एरवी दिवाळीला न बोलावलेल्या बहिणीला साडीचोळी होते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ती सही करते, कारण तिला माहेर हवे असते. सही नाकारली तर भाऊबीज संपेल, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलीला वडिलार्जित मिळकतीत समान हक्क दिला, पण विवाहित मुली त्यातून वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती उणीव दूर झाली. हा हक्क जन्मसिद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. एवढा सारा कायदा एका साडीच्या घडीत गुंडाळून ठेवला जातो! ज्या प्रेमाची किंमत बहिणीने आपला वाटा सोडून द्यावी लागते, त्याला मी तरी प्रेम म्हणायला तयार नाही.

या प्रश्नाला हात घालणारा माणूस याच टापूत राहत होता. शरद जोशी. चाकणजवळच्या आंबेठाणला त्यांनी 1977 च्या सुमारास जमीन घेतली आणि येथल्या कांद्याच्या प्रश्नावरून आंदोलन उभे केले. खुल्या बाजारपेठेवरील त्यांचा विश्वास आपल्याला मान्य नव्हता, आजही नाही. परंतु 1986 च्या चांदवड अधिवेशनात त्यांनी शेतकरी स्त्रियांचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि त्यानंतर काही वर्षांतच 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. शेतकऱ्याने स्वखुशीने जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करावा. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. दान म्हणून नव्हे, तर तिचे देणे फेडायचे म्हणून. डाव्या पक्षांना हे आधी सुचायला हवे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शासनाने 1992 मध्ये परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. ती आजही फारशी वापरली जात नाही.

2013 च्या भूसंपादन कायद्यातील कुटुंबाची व्याख्या अवश्य वाचा. विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबाने टाकलेली स्त्री हे त्यात स्वतंत्र कुटुंब मानले आहे. म्हणजे टाकलेली बाई कायद्याला दिसते, नांदणारी दिसत नाही!

बाईचे नाव लावले तर घर फुटेल, असा आक्षेप तुम्हाला प्रत्येक पारावर ऐकू येईल. मोबदल्याच्या पैशावरून या पट्ट्यात भावाभावांत किती दावे चालू आहेत ते खेडच्या न्यायालयात जाऊन पाहा, एवढेच त्यांना सांगा. त्यांतल्या बहुतेक सातबाऱ्यांवर पुरुषांचीच नावे होती. घरधनिणीचे नाव असते तर जमीन विकायला तिची सही लागली असती, आणि चारचाकी गाडीसाठी ती सही सहजासहजी मिळाली नसती.

अर्ज पतीने करायचा आहे, म्हणून सुरुवात पुरुष कार्यकर्त्यांपासूनच व्हावी. या सभेत ज्यांच्या नावावर जमीन आहे, त्यांनी येत्या आठवड्यात तलाठ्याकडे जावे. पुढच्या बैठकीला येताना फेरफाराची नक्कल सोबत आणावी.