झुडुपाची वेल करताना

टोमॅटोचे झुडूप आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. परसात, विहिरीच्या पाटाकाठी, क्वचित मोरीच्या सांडपाण्यावरही ते आपण होऊन उगवते, आडवेतिडवे पसरते, ओंजळ दोन ओंजळी फळे देते आणि वाळून जाते. त्याचे संगोपन शिकावयाचे असते, ही कल्पनाच पुष्कळांना गमतीची वाटेल. परंतु हेच झुडूप हरितगृहात, म्हणजे आपला शेतकरी ज्याला पॉलिहाऊस म्हणतो त्या प्लॅस्टिकच्या छताखाली नेले, की त्याला झुडूप म्हणून राहू देता येत नाही. तेथील चौरस फुटाचीही किंमत मोजलेली असते, आणि बहुधा ती कर्ज काढून मोजलेली असते. तेथे त्याची वेल करावी लागते. ही वेल करण्याची विद्या म्हणजे छाटणी. आणि नवखा मनुष्य अडखळतो तो येथेच.

हरितगृह ही मूळची थंड देशांची गरज. रोमन सम्राट टायबेरियस याच्यासाठी पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली काकड्या वाढवीत असत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. तेथे शत्रू थंडी होती. आपल्या दख्खनच्या पठारावर शत्रू निराळे आहेत : पावसाळ्यात पान ओले राहून येणारा करपा, उन्हाळ्याचा ताप, आणि पर्णगुच्छाचा विषाणू घेऊन येणारी पांढरी माशी. म्हणून आपल्याकडील हरितगृहाला उष्णता कोंडून ठेवावयाची नसते, बाहेर जाऊ द्यावयाची असते. छताला वर झरोका, बाजूंना बारीक जाळी. पाऊस बाहेर, वारा आत. हा भेद येथे मुद्दाम सांगितला, कारण परदेशी पुस्तकांतील छाटणीचे नियम जसेच्या तसे उचलणारा याच ठिकाणी फसतो. त्याविषयी पुढे बोलू.

इतका खटाटोप कशासाठी? २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या बाजूला शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. २०२३ च्या जुलैमध्ये अनेक शहरांत हाच टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पलीकडे गेला. उघड्या शेतातील पीक थोड्या आठवड्यांत गर्दीने येते, आणि त्या आठवड्यांत बाजार जसा असेल तसा तो शेतकऱ्याच्या वाट्याला येतो. हरितगृहातील वेल मात्र खालून वर चढत जाते. दर तीन पानांनंतर एक फुलांचा घोस धरते, आणि चांगल्या हवेत साधारण आठ-दहा दिवसांनी एकेक नवा घोस देत महिनोन्‌महिने चालू राहते. एका आठवड्याच्या भावावर सारे नशीब टांगलेले राहत नाही. त्यामुळे भावाची खात्री मिळते असे नव्हे, सवड मिळते. ही सवड छाटणीवाचून मिळत नाही, कारण मोकळे सोडलेले झुडूप आपली सारी शक्ती पाल्यात उधळते.

मात्र कात्री हाती घेण्यापूर्वी वाणाची जात विचारावी. टोमॅटोच्या दोन जाती असतात. काही वाण मर्यादित वाढीचे. थोडे घोस आले की त्यांचा शेंडाच फुलात संपतो. १९१४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात असे एक झाड आपोआप निपजले, आणि त्याचा तो गुण पुढे जगभरच्या शेतात पसरला. अशा वाणाचे बरेचसे उत्पन्न बाजूच्या फांद्यांवर असते. त्याला एका खोडावर आणण्याचा हट्ट धरला, तर चार घोस हाती येतात आणि वरचा दोर मोकळा लोंबत राहतो. हरितगृहाला अमर्यादित वाढीचे वाण हवे. रोपवाटिकेतून रोपे आणताना हा एक प्रश्न न विचारणे म्हणजे मुहूर्त पाहून मांडव घालावा आणि वधूचे नाव विचारावयास विसरावे, तसे आहे.

आता प्रत्यक्ष छाटणी. पान आणि खोड यांच्या बेचक्यात जो कोंब निघतो त्याला आपले द्राक्षबागायतदार बगलफूट म्हणतात. टोमॅटोलाही तोच शब्द चालेल. फुलांचा घोस बेचक्यातून निघत नाही, तो थेट खोडातून निघतो. एवढी खूण लक्षात ठेवली म्हणजे घोस खुडला जाण्याची भीती उरत नाही. बगलफूट दोन-तीन इंचांची झाली की सकाळी, झाड पाण्याने टरारलेले असताना, बोटाने बाजूला वाकवून मोडावी. ती कट्‌कन सुटते आणि जखम दिवसभरात वाळते. आठवड्यातून एकदा तरी हा फेरा झालाच पाहिजे. पंधरवडा चुकला तर बगलफुटीचे खोड होते, मग कात्री लागते आणि जखम मोठी होते. पहिल्या घोसाच्या लगेच खालची फूट सर्वांत जोमदार असते. दोन खोडांची वेल करावयाची असेल तर तेवढी राखावी, बाकीच्या काढाव्यात. घाईत मुख्य शेंडाच मोडला, तरी हळहळण्याचे कारण नाही. सर्वांत वरची बगलफूट वाढू द्यावी. ती शेंड्याची जागा घेते.

खोडाला वरच्या तारेवरून सोडलेल्या दोराचा आधार द्यावा आणि वाढेल तसे ते दोराभोवती एकाच दिशेने फिरवीत न्यावे.

हातांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती काहींना रुचणार नाही. तळहातावर तंबाखू मळून त्याच हातांनी बगलफुटी मोडू नयेत. तंबाखूचा विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो. तो टोमॅटोलाही लागतो, आणि एका ओळीतून दुसऱ्या ओळीत त्याला नेणारे वाहन म्हणजे माणसाची बोटे. साबणाने हात धुणे हा यावरचा स्वस्तातला उपाय. रोगट वेलींना हात लावावयाचा तो सर्वांत शेवटी.

खालच्या पानांबाबत मात्र हात आवरावा. हॉलंडसारख्या ढगाळ देशात उजेड फळापर्यंत पोहोचावा म्हणून पाने सढळ हाताने काढतात. आपल्याकडे उजेडाची वाण नाही. आपल्याकडे पान ही फळाची छत्री आहे. ती काढली की फळाची उन्हाकडील बाजू पांढरट पडते, भाजते. ज्या घोसाची फळे उतरली त्याच्या खालची पाने काढावीत, तीही एका वेळी दोन-तीनच. वैशाखात तर तीही राहू द्यावीत, असे माझे मत आहे.

आणखी एक काम हरितगृहात माणसाच्या अंगावर येते, ते भुंग्याचे. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळ धरते. पण पराग एका बंद नळीत असतो आणि नळी हलल्यावाचून तो बाहेर पडत नाही. उघड्यावर हे काम वारा करतो, आणि आपला काळा भुंगा फुलाला कवटाळून गुणगुणतो तेव्हा त्या कंपनानेही पराग झडतो. मधमाशीला ही कला साधत नाही. पांढऱ्या माशीला अडविणारी जाळी भुंग्यालाही अडविते. म्हणून दहा ते दोनच्या दरम्यान, हवा कोरडी असताना, तारांवर काठीने हलकेच टिचक्या माराव्यात. फुले धरून गळू लागली तर बहुधा रात्री फार उष्ण आहेत किंवा आतली हवा दमट आहे. अशा वेळी खताची मात्रा वाढवून उपयोग नाही, झरोका उघडावा.

पाण्याचे थोडक्यात सांगतो. ठिबकने थोडे थोडे, पण रोज सारखे द्यावे. कोरड आणि पूर आलटून पालटून आले की चुना फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि टोक काळे पडून कुजते. पुष्कळ जण त्याला रोग समजून औषध फवारतात. पैसे जातात, टोक काळेच राहते.

शेवटची छाटणी शेंड्याची. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत दीड-दोन महिने लागतात. म्हणून पीक ज्या दिवशी काढून टाकावयाचे, त्याच्या दोन महिने आधी वरच्या घोसावर दोन पाने राखून शेंडा खुडावा. खोड पाच-सहा महिने आपण दररोज वर चढताना पाहिलेले असते, त्यामुळे या वेळी हात थोडा घुटमळतो. घुटमळू नये. त्या शेंड्यावर येणारी फुले फळ होईपर्यंत वेल जागेवर असणार नाही. आणि खालच्या हिरव्या फळांना तोच रस हवा असतो.