तळहाताएवढी स्क्रीन

मांडीवर लॅपटॉप उघडे ठेवून माझं बोलणं ऐकून घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने चिंचवडमध्ये आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने आधी गावाचं माहात्म्य सांगायचं, अशी रीत आहे. ते मी थोडक्यात उरकतो. पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे. चापेकर बंधू याच गावचे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली, टेल्को, बजाज आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ गल्लोगल्ली लेथ. जागा पुरेना तसा हा पट्टा चाकणपर्यंत सरकत गेला. बाहेरगावच्या पाहुण्यांनी संध्याकाळी मोरयाचं दर्शन जरूर घ्यावं. मात्र त्याच वेळी चाकणला जाऊन यायचं धाडस करू नये. तळेगाव चौकात रात्र होईल.

मी कंट्रोल पॅनल बनवणारा माणूस. आमच्या पॅनलवर पूर्वी लाल, हिरवे दिवे आणि पुशबटणं असत, आता तिथे स्क्रीन आली. रस्त्यावरही तेच झालं. बजाजच्या जुन्या चेतक स्कूटरला पुढच्या चाकापासून आलेली केबल काटा फिरवायची. आकुर्डीत जून २०२२ मध्ये इलेक्ट्रिक चेतकचा नवा कारखाना सुरू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ३५ मालिकेच्या वरच्या मॉडेलला पाच इंची टचस्क्रीन आहे. गिऱ्हाईक शोरूममध्ये सगळ्यात आधी तिच्यावरच बोट फिरवतं.

ही स्क्रीन मोबाइलसारखी दिसते, म्हणून ती मोबाइलसारखीच चालत असेल असं मालकांना वाटतं. इथून आमच्या डोकेदुखीला सुरुवात होते. साधा हिशेब बघा. ३२० बाय २४० ठिपक्यांची स्क्रीन, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एका चित्राला १५० केबी. आणि हातातल्या मायक्रोकंट्रोलरची सगळी रॅम असते १२८ केबी. चित्र मावतच नाही. बरं, मावलं असतं तरी ४० मेगाहर्ट्झच्या एसपीआय या सिरियल जोडणीवरून ते स्क्रीनपर्यंत न्यायला सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आमच्या सर्व्हो लूपच्या तीस फेऱ्या व्हायला हव्यात. म्हणून स्क्रीनच्या दहाव्या हिश्शाएवढा, १५ केबीचा बफर घ्यायचा, जेवढं बदललं तेवढंच रंगवायचं आणि ते डीएमएच्या, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा वाहणाऱ्या यंत्रणेच्या, हवाली करून प्रोसेसरला मोकळं करायचं. हंगेरीच्या गाबोर किश-वामोशी यांनी २०१६ साली सुरू केलेली एलव्हीजीएल ही मुक्त लायब्ररी नेमकी याच काटकसरीवर उभी आहे, आणि आमच्या भागातले पुष्कळ तरुण तिच्यावरच हात बसवतात.

रॅमची काटकसर जमते. शिस्त जमायला वेळ लागतो. रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक कामाला अग्रक्रम द्यायचा असतो. स्पिंडल थांबवणं आधी, तापमान वाचणं मग, आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. हे सगळ्यांना पाठ असतं. तरी कुणीतरी सेन्सर वाचणाऱ्या टास्कमधूनच, नाहीतर थेट इंटरप्टमधून, स्क्रीनवरचा आकडा बदलतो. टेबलावर ते आठवडाभर नीट चालतं आणि ग्राहकाच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला पॅनल गोठतं. बहुतेक ग्राफिक्स लायब्ऱ्या एका वेळी एकाच टास्कने हात लावावा अशाच असतात. बाकीच्यांनी आपला निरोप क्यूमध्ये टाकावा आणि आपल्या कामाला लागावं. बोटाने दाबलेलं बटणही तसंच, हुकूम म्हणून क्यूतून परत यावं. इमर्जन्सी स्टॉप मात्र स्क्रीनवर कधीच नको. तो लाल मशरूम वायरिंगनेच जोडलेला हवा. या मुद्द्यावर मी कोणत्याही डिझायनरशी तडजोड करत नाही, आपणही करू नये.

अग्रक्रम कसा उलटा पडतो, याचं मोठं उदाहरण १९९७ सालचं आहे. मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागलं. हवामानाचं खालच्या अग्रक्रमाचं काम एक लॉक धरून बसायचं, मधल्या अग्रक्रमाचं काम त्याला बाजूला सारून चालू राहायचं, आणि त्या लॉकसाठी सगळ्यात महत्त्वाचं काम खोळंबायचं. देखरेख करणाऱ्या वॉचडॉगला वाटायचं, यंत्रणा मेली. पृथ्वीवरून प्रायॉरिटी इन्हेरिटन्स, म्हणजे लॉक धरणाऱ्याला खोळंबलेल्या कामाचा अग्रक्रम देण्याची सोय, चालू केल्यावर ते थांबलं. आपल्या पॅनलमध्ये स्क्रीन आणि मेमरी कार्ड एकाच एसपीआयवर टांगलेले असतात तेव्हा हेच नाट्य इथे भोसरीच्या कारखान्यांत घडतं. फरक इतकाच, की नासाकडे दुरुस्त करायला माणसं होती; आमच्याकडे रात्री अकराला फोन येतो.

आता ज्या विषयासाठी मी हे स्वागताध्यक्षपद आनंदाने घेतलं, त्याकडे येतो. ही स्क्रीन वाचणारा माणूस मराठी वाचतो, हिंदी वाचतो. इंग्रजी ‘फॉल्ट’ दिसला की तो कोड डायरीत उतरवून सुपरवायझरची वाट बघतो. आपल्या लिपीत लिहायला गेलं तर अडचण अशी, की युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवलेली असते आणि कागदावर ती आधी येते. लायब्ररीने चिन्हं साठवलेल्या क्रमाने नुसती ओळीत मांडली तर पिंपरीचं ‘पपिंरी’ होतं आणि चिंचवडचं ‘चचिंवड’. चाकण तेवढं सुखरूप सुटतं. त्याहून वाईट म्हणजे ‘इमर्जन्सी’. त्यात रफारही आहे आणि अर्धा न सुद्धा, म्हणजे जो शब्द सगळ्यात नीट दिसायला हवा तोच सगळ्यात आधी मोडतो.

मोठ्या संगणकावर हा प्रश्न कधीच सुटला. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड काढून डॉसच्या काळात देवनागरी पडद्यावर आणली होती. आज हार्फबझ ही लायब्ररी हे काम करते, पण शंभर-सव्वाशे केबी रॅमच्या चिपवर ते सहसा झेपत नाही. मला पटलेला मार्ग असा: मशीनचे अलार्म मोजके आणि आधीच ठरलेले असतात. ‘तेलाची पातळी कमी’, ‘दार उघडं आहे’. मग त्यांची जोडाक्षरं प्रोग्रॅम बांधतानाच संगणकावर जुळवून घ्यावीत आणि तयार आकार फ्लॅशमध्ये ठेवावेत. चिपने ते फक्त उचलून मांडायचे. आणि तपासणी इंजिनिअरने करू नये. ऑपरेटरला दोन पावलं मागून वाचून दाखवायला सांगावं.

एक सूचना हत्यारांबद्दल. टचजीएफएक्स हे स्क्रीन रंगवायचं सॉफ्टवेअर २०१८ साली एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने घेतलं. काम उत्तम, पण ते त्यांच्याच चिपांवर चालतं. २०२१ सालच्या चिपटंचाईत एकाच कंपनीच्या चिपवर सगळं बांधून बसलेले कसे रखडले, हे या सभागृहातल्या अनेकांनी पाहिलं आहे. स्क्रीनचा कोड आणि चिपचा कोड वेगळे ठेवा, एवढंच म्हणतो.

बाहेरच्या दालनात टेबलांवर बोर्ड, स्क्रीन आणि डीबगर मांडले आहेत. देवनागरीचं सत्र दुपारी जेवणानंतर आहे. डुलकीची वेळ आहे, तरी सगळ्यांनी यावं. उद्याच्या कारखानाभेटीला येणाऱ्यांनी सेफ्टी शूज घालावेत, गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतील, त्यावरून वाद घालू नये. आता अध्यक्षांना विनंती करतो, की त्यांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.