बांध घालते ती, सातबारा कुणाचा?

(कोल्हापुरात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



आज मी मातीबद्दल बोलणार आहे. बायकांच्या मेळाव्यात मातीचं काय काम, असं काहीजणींना वाटेल. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा भागातून आलेल्या बायकांना तसं वाटणार नाही.

आपल्या जिल्ह्यात शिरोळकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर गगनबावड्याला पाच हजारांच्या घरात. तरीही उन्हाळ्यात डोंगरातल्या बाईच्या डोक्यावर हंडा असतोच. उतारावरचं पाणी थांबत नाही, आणि जाताना वरचा मातीचा थर घेऊन जातं. मातीचा जीव त्याच थरात असतो. पाला, मुळं, शेण कुजून तयार झालेला सेंद्रिय कर्ब तिथंच असतो. हा कर्ब मातीचे कण धरून ठेवतो, पाणी मुरू देतो आणि मुरलेली ओल टिकवतो.

उतारावर मजगी काढली, म्हणजे पायऱ्या पाडल्या, की पाण्याचा वेग मोडतो. पण नुसती मजगी पुरत नाही. वरची माती आधी बाजूला काढून पुन्हा पसरली नाही, तर पायरीच्या आतल्या अंगाला मुरूम उघडा पडतो. तिथली नाचणी पिवळी पडते, हे लावण करणाऱ्या बाईला सगळ्यांत आधी दिसतं. त्या मुरमाची माती व्हायला वर्षानुवर्षं शेणखत आणि पाला घालावा लागतो. बांध उघडा असला तर मोठ्या पावसात फुटतो, आणि एका पायरीचं पाणी खालच्या पायऱ्याही फोडत जातं. बांधावर गवत किंवा वाळा असला, तर मुळं माती धरतात. गवताची वैरणही होते.

आता सांगा, ही कामं कोण करतं? शेणाच्या पाट्या, पाल्याचे भारे कुणाच्या डोक्यावर असतात? घरचा पुरुष मुंबईला नाहीतर इचलकरंजीला कामाला गेला, की फुटलेला बांध कोण घालतं? ‘शेणखत वाढवा’ असा सल्ला मिळतो, तेव्हा मी विचारते, चुलीला दुसरं जळण आहे का? नसेल तर शेणाच्या गोवऱ्या होतात, आणि शेताचा कर्ब चुलीत जातो. जळणाचा प्रश्न सोडवल्याशिवाय मातीचा सुटणार नाही.

2015 सालापासून जमिनीची आरोग्यपत्रिका मिळू लागली. तिच्यात कर्बाचा आकडा असतो. अर्ध्या टक्क्याच्या खाली असला, तर जमीन कमकस समजायची. पण पत्रिका निघते खातेदाराच्या नावानं. मजगीच्या योजनेचा अर्ज करायचा तरी सातबारा लागतो. त्यावर तिचं नाव नसतं.

शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. 1992 साली शासनानं परिपत्रक काढून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली. पण त्यासाठी अर्ज नवऱ्यानं करायचा! 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत हिंदू मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर सही करताना आपलाच हात पुढं होतो, भाऊ तुटेल या भीतीनं.

म्हणून गावी गेल्यावर दोन कामं करा. आरोग्यपत्रिका मागून घ्या आणि चारचौघींत वाचा. आणि तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढा, त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. मजगीची माती पिकायला दहा वर्षं लागत असतील, तर पुढची दहा वर्षं ती जमीन आपल्या हातात राहील, याची खात्री तिला राबणारीला नको का?